झेडएफएस, उबुंटू आणि शून्यांनी भरलेली मेमरी

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यात घरच्या घरी जोडलेले स्टोरेज सर्व्हर आता ठिकठिकाणी दिसतात. लग्नाचं शूटिंग ४केमध्ये करणारे स्टुडिओ, उद्यमबागेतल्या फाउंड्री नि मशीन शॉप, मराठी-कन्नड दोन्हीत काम करणारे डीटीपीवाले. सामान साधारण ठरलेलं: सेकंडहँड वर्कस्टेशन, चार-सहा डिस्क, वर उबुंटू (लिनक्सचा एक प्रकार), त्यावर झेडएफएस (डिस्कवर फाइली मांडणारी फाइल सिस्टिम) आणि सांबा (नेटवर्कवरून फाइली वाटणारा प्रोग्राम). गिगाबिट नेटवर्कवर हे वर्षानुवर्षं बिनतक्रार चालतं. एनव्हीएमई (वेगवान एसएसडी) आणि १० गिगाबिटचं कार्ड बसलं की कुरकुर सुरू होते. एनव्हीएमईच्या खोक्यावर सेकंदाला ३,५०० एमबी छापलेले असतात आणि झेडएफएसवरून वाचताना आकडा त्याच्या जवळपासही जात नाही. मग कुणीतरी यूट्यूबवरची एक ओळ आणून देतं: कर्नलला इनिट_ऑन_अलॉक=० द्या, मशीन पळायला लागेल. (कर्नल म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा.)

काही मशीन खरंच पळतात, काही ढिम्म हलत नाहीत. फरक कुठे पडणार हे मेमरीच्या हिशेबावरून आधीच सांगता येतं, आणि तो हिशेब न करता सुरक्षेची सेटिंग बंद करण्यात काही अर्थ नाही.

(या लेखात कमांड देवनागरीत आहेत. टर्मिनलमध्ये त्या अर्थातच रोमन अक्षरांत टाइप करायच्या, अंडरस्कोर जिथल्या तिथे ठेवून.)

इनिट_ऑन_अलॉक ही सेटिंग लिनक्स ५.३ मध्ये, म्हणजे २०१९ च्या सप्टेंबरात आली. कर्नल स्वतःच्या कामासाठी मेमरीचं पेज (४ केबीचा तुकडा) किंवा स्लॅबमधला (लहान तुकड्यांच्या साठ्यातला) तुकडा घेतो, तेव्हा तो हातात पडायच्या आधी शून्यांनी भरून द्यायचा, एवढंच तिचं काम. जोडीला इनिट_ऑन_फ्री आली, ती परत करताना पुसते. कर्नलच्या कॉन्फिगरेशनच्या माहितीतच दोन्हींची किंमत लिहिलेली आहे: घेताना पुसलं तर बहुतेक कामांत १ टक्क्याहून कमी, काही कृत्रिम चाचण्यांत ७ टक्क्यांपर्यंत, परत करताना पुसलं तर बहुतेक वेळा ३ ते ५ टक्के, जास्तीत जास्त ८. दुसरी महाग पडते, कारण परत येणारं पेज बहुतेकदा प्रोसेसरच्या कॅशमधून बाहेर गेलेलं असतं आणि फक्त पुसण्यासाठी ते पुन्हा आत ओढावं लागतं. घेताना पुसलेलं पेज लगेच वापरलंच जाणार असतं, त्यामुळे ती मेहनत पूर्ण वाया जात नाही. दोन्ही एकदम चालू ठेवल्या तर पेजेस दोनदा पुसली जातात असा एक समज आहे. तसं होत नाही. परत करताना पुसलेलं पेज घेताना पुन्हा पुसलं जात नाही.

उबुंटूने आपल्या कर्नलमध्ये घेताना पुसणं डिफॉल्ट चालू ठेवलंय, परत करताना पुसणं बंद. इतर डिस्ट्रोंत (लिनक्सच्या प्रकारांत) काय आहे ते अंदाजाने धरू नका, तपासा. सुडो लावून डीमेसेज (कर्नलचे संदेश दाखवणारी कमांड) चालवा आणि ‘मेम ऑटो-इनिट’ शोधा. ‘स्टॅक’, ‘हीप अलॉक’ आणि ‘हीप फ्री’ अशा तीन नोंदी एका ओळीत दिसतील, हीपच्या दोन्हींपुढे ऑन किंवा ऑफ. मशीन बरेच दिवस चालू असेल तर डीमेसेजमधून सुरुवातीच्या ओळी पुसल्या गेलेल्या असतात. तेव्हा जर्नलसीटीएल -के -बी मध्ये बघा. स्टॅकची नोंद बूटच्या ओळीने बदलत नाही, ती कर्नल कंपाइल करतानाच ठरते. तिच्या मागे लागू नका.

आता हे डिफॉल्ट आहेच कशासाठी? कर्नलमध्ये एखाद्या प्रोग्रामरने तुकडा घेतला, त्यातला थोडा भाग भरला आणि सगळाच्या सगळा बाहेर दिला, की उरलेल्या भागातला आधीच्या कुणाचा तरी डेटा बाहेर जातो. फाइल सिस्टिमही यातून सुटलेली नाही. सीव्हीई-२०१९-११८३३ (सुरक्षेच्या त्रुटीचा नोंद क्रमांक) हे ईएक्सटी४ या लिनक्सच्या नेहमीच्या फाइल सिस्टिममधलंच दुखणं होतं: एक्स्टेंट ट्रीच्या (फाइलचा डेटा डिस्कवर कुठे आहे त्या नोंदीच्या) ब्लॉकमधली न वापरलेली जागा शून्य न करताच डिस्कवर लिहिली जात होती. कर्नल ५.१.२ पर्यंत हे होतं. म्हणजे मेमरीतला शिळा मजकूर थेट डिस्कवर, आणि ती डिस्क दुसऱ्याच्या हातात गेली तर त्याच्याकडे. सेकंडहँड डिस्क घेणाऱ्या-विकणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं. नव्याने घेतलेलं पेज आधीच शून्य असेल तर अशा बऱ्याच चुका निरुपद्रवी होतात. सगळ्या नाही, तोच बफर जुन्या ब्लॉकसाठी वापरून पुन्हा तिथेच वापरला, तर नव्याने पेज घेतलंच जात नाही आणि पुसण्याचा प्रश्नच येत नाही.

यूजरच्या प्रोग्रामला मिळणारी मेमरी ही सेटिंग यायच्या कितीतरी आधीपासून शून्य करूनच मिळते. त्यात काही बदललं नाही. बदललं ते कर्नलच्या स्वतःच्या मेमरीत, आणि फाइल सिस्टिमचा कॅश नेमका तिथेच असतो.

झेडएफएसला जास्त का लागतं

ईएक्सटी४ किंवा एक्सएफएसवरून फाइल वाचताना कर्नल पेज कॅशसाठी (वाचलेल्या फाइली ठेवायच्या मेमरीसाठी) पेजेस घेतो, ती शून्याने भरतो, आणि लगेच त्यांवर डिस्कवरून आलेला डेटा बसतो. लगेच झाकलं जाणारं पुसायचं, म्हणजे मंगल कार्यालयात धुऊन ठेवलेलं पातेलं आचाऱ्याने भात टाकायच्या आधी पुन्हा धुवायचं तसं. तीच फाइल पुन्हा वाचली की पेज कॅशमध्ये असतंच, नवीन पेज लागत नाही, पुसणंही नाही.

हिशेब मांडू. डिस्कवरून आलेला एक बाइट डीएमएने (प्रोसेसरला मध्ये न घेता) मेमरीत लिहिला जातो: एक फेरी. तिथून यूजरच्या बफरमध्ये कॉपी होतो: एक वाचन, एक लेखन. तीन फेऱ्या. पुसणं धरलं की चार.

झेडएफएसमध्ये डीएमएची एक, चेकसम तपासायला एक वाचन, एआरसीच्या (झेडएफएसच्या स्वतःच्या कॅशच्या) पेजमधून डीबफच्या (झेडएफएसमधल्या कामाच्या) बफरमध्ये नेताना वाचन-लेखन (डेटा कॉम्प्रेस केलेला असेल तर इथेच डीकॉम्प्रेस होतो), तिथून यूजरकडे वाचन-लेखन. सहा. पुसणं धरलं की सात. प्रोसेसरच्या कॅशमुळे यातल्या काही फेऱ्या रॅमपर्यंत जात नाहीत, तेव्हा हा कागदावरचा वरचा आकडा समजा.

कागदावर ईएक्सटी४ चं नुकसान प्रमाणाने मोठं दिसतं, तीनाचे चार. पण ईएक्सटी४ कडे मेमरीचा रुंद रस्ता रिकामा पडलेला असतो. झेडएफएस आधीच तो भरत आणतं. सेकंदाला ३ जीबी वाचायचं म्हटलं तर सहा फेऱ्यांचे १८ जीबी झाले. डीडीआर४-२६६६ ची एकच पट्टी लावलेल्या मशीनची सैद्धांतिक मर्यादा २१.३ जीबी प्रति सेकंद. सातवी फेरी आली की २१. वर काही उरतच नाही. त्यात बाकीचे प्रोग्राम, नेटवर्क कार्ड. डीडीआर३-१६०० ची एक पट्टी तर १२.८ जीबीवरच संपते. ती पुसण्याच्या आधीच अडकलेली आहे, तिला इनिट_ऑन_अलॉकचा दोष लावू नका.

म्हणून पहिलं काम कर्नलला हात लावायचं नाही. केसिंग उघडा आणि रॅमच्या पट्ट्या मोजा. जोडणीचे कॉम्प्युटर देताना १६ जीबीची एकच पट्टी घालून देण्याची पद्धत आपल्याकडे सर्रास आहे, “पुढे वाढवता येतंय की” म्हणून. दुसरी, तशीच पट्टी योग्य स्लॉटमध्ये बसवली की ड्युअल चॅनल चालू होतं आणि २१.३ चे ४२.६ होतात. चार स्लॉटच्या मदरबोर्डवर बहुतेकदा दुसरा आणि चौथा स्लॉट, पण बोर्डाचं पुस्तक बघा. सुडो डीएमआयडीकोड -टी मेमरी चालवलं की कुठल्या स्लॉटमध्ये काय आहे ते कळतं, केसिंग न उघडताही. अशा मशीनवर या एका पट्टीने जे मिळतं, ते कर्नलच्या सेटिंगने मिळत नाही.

पट्ट्या बरोबर असूनही झेडएफएस अडत असेल तर पुढचं वाचा.

ओपनझेडएफएस ०.७.० पासून (२०१७) एआरसीचा डेटा एबीडी नावाच्या रचनेत राहतो, म्हणजे सुटी सुटी पेजेस एकत्र बांधलेली. ही पेजेस झेडएफएस थेट कर्नलच्या पेज अलॉकेटरकडून घेतं आणि काम झालं की तिकडेच परत करतं. पुन्हा घेतली की पुन्हा पुसणं. रेकॉर्डसाइज, म्हणजे झेडएफएसच्या डेटाच्या एका तुकड्याचा आकार, १२८ केबी (डिफॉल्ट) असेल तर एका रेकॉर्डला ३२ पेजेस, १ जीबी वाचायला २,६२,१४४. उलट डीबफचे मोठे बफर झेडएफएसच्या स्वतःच्या स्लॅबमधून येतात. तिथे रिकामा झालेला बफर कर्नलकडे न जाता पुन्हा वापरात येतो, त्यामुळे दरवेळी पुसला जात नाही. म्हणूनच एआरसीमध्ये असलेली फाइल पुन्हा वाचताना फरक कमी दिसतो, आणि डिस्कवरून ताजी वाचताना, लिहिताना व स्क्रबमध्ये (सगळा डेटा वाचून तपासताना) जास्त.

लिहिण्याचं तर विचारूच नका. कॉम्प्रेशनसाठी नवीन एबीडी, रेडझेडच्या पॅरिटीसाठी (डिस्क बिघडली तर डेटा परत मिळवायच्या जादा माहितीसाठी) आणखी. सहा डिस्कच्या रेडझेड-२ मध्ये चार डिस्कचा डेटा आणि दोनची पॅरिटी, म्हणजे डेटाच्या निम्मी पेजेस वेगळी घ्यायची, पुसायची, भरायची, लिहायची आणि टाकून द्यायची. फिरत्या डिस्क असतील तर हे काही जाणवत नाही. सहा डिस्क मिळून सेकंदाला जेमतेम १ जीबी देतात आणि तेवढं शून्य भरणं बऱ्यापैकी प्रोसेसरला जड नाही. एनव्हीएमईच्या पूलवर (एकत्र बांधलेल्या डिस्कवर) जाणवतं.

गिगाबिट नेटवर्कवर तर प्रश्नच मिटतो. तार सेकंदाला १२५ एमबीच्या वर नेऊच शकत नाही, प्रत्यक्षात ११० ते ११८. एवढ्या डेटासाठी शून्य भरायला एका कोरच्या वेळातला अगदी बारीक तुकडा जातो. डीटीपीचं ऑफिस, सीसीटीव्हीचं रेकॉर्डिंग, पतसंस्थेचा बॅकअप: यातल्या कुठेही ही सेटिंग बदलून काहीही दिसणार नाही. ज्या स्टुडिओत दोन-तीन एडिटर १० गिगाबिटवरून थेट सर्व्हरवरच्या फाइलवर काम करतात, तिथे बघण्यात अर्थ आहे.

मोजायचं कसं

पर्फ (प्रोसेसरचा वेळ कुठे जातो ते दाखवणारं साधन) लागेल, उबुंटूवर ते लिनक्स-टूल्स-जेनेरिक पॅकेजमधून येतं. एका टर्मिनलमध्ये मोठी फाइल वाचायला लावा, दुसऱ्यात सुडो पर्फ टॉप. यादीत क्लिअर_पेज_ईआरएमएस कुठे आहे ते बघा. जुन्या, आयव्ही ब्रिजच्या आधीच्या इंटेल प्रोसेसरवर नाव क्लिअर_पेज_रेप असं दिसेल. २-३ टक्के असेल तर पुढे काही करू नका. १० टक्क्यांच्या वर गेलं तर विषय खरा आहे.

पण नुसतं नाव बघून थांबू नका, इथेच पुष्कळ जण फसतात. यूजरच्या प्रोग्रामची मेमरी शून्य करायलाही हेच फंक्शन वापरलं जातं, आणि ते इनिट_ऑन_अलॉक बंद केलं तरी चालूच राहणार. पर्फ रेकॉर्ड -ए -जी ने पंधरा-वीस सेकंद नोंद घ्या, पर्फ रिपोर्टमध्ये क्लिअर_पेज कुणी बोलावलं ते उघडून बघा. वर एबीडी_अलॉक दिसलं तर झेडएफएस. पेज कॅशची किंवा रीडअहेडची फंक्शन दिसली तर ईएक्सटी४, एक्सएफएस. डू_अनॉनिमस_पेज दिसलं तर एखादा प्रोग्राम स्वतःसाठी मेमरी घेतोय, फाइल सिस्टिमचा संबंध नाही.

चाचणीची फाइल खरी घ्या: कॅमेऱ्यातून आलेले व्हिडिओ, मशीनच्या रॅमच्या दुपटीएवढे. डीडीने /डेव्ह/झीरो मधून फाइल बनवून मोजलेले आकडे फेकून द्या. कॉम्प्रेशन चालू असलेल्या झेडएफएसवर शून्यांचा ब्लॉक लिहिलाच जात नाही, नुसतं भोक राहतं. मग वाचताना डिस्ककडे कुणी जातच नाही आणि वेग पाहून माणूस हरखून जातो. दर फेरीआधी पूल एक्सपोर्ट करून इम्पोर्ट करा, म्हणजे एआरसी खरंच रिकामा होतो. ड्रॉप_कॅशेसवर झेडएफएससाठी भरवसा ठेवू नका. स्क्रब चालू नाही ना, ते झेडपूल स्टेटसमध्ये आधी बघा. प्रत्येक सेटिंगला निदान तीन फेऱ्या.

बदल एकदाच करून बघायचा तर कुठलीही फाइल बदलायची गरज नाही. बूट होताना ग्रबचा (कर्नल चालू करणाऱ्या प्रोग्रामचा) मेनू आणा, ओळीवर ई दाबा, ‘लिनक्स’ने सुरू होणाऱ्या ओळीच्या शेवटी जागा सोडून इनिट_ऑन_अलॉक=० लिहा, एफ१० दाबा. पुढच्या बूटला ते आपोआप जातं. वर आल्यावर मेम ऑटो-इनिटची ओळ पुन्हा बघा, हीप अलॉक ऑफ दिसलंच पाहिजे. स्पेलिंग चुकलं तर कर्नल अडत नाही, अनोळखी शब्द बाजूला सारून निवांत चालू होतो. जुना वेग तसाच, आणि माणूस म्हणतो की सेटिंगचा काही उपयोग नाही.

फरक पक्का दिसला तर /ईटीसी/डिफॉल्ट/ग्रब मधल्या ग्रब_सीएमडीलाइन_लिनक्स_डिफॉल्ट च्या अवतरणचिन्हांत तो शब्द घाला आणि सुडो अपडेट-ग्रब चालवा. फेडोरावर ग्रबी वापरतात. प्रॉक्समॉक्स (व्हर्च्युअल मशीन चालवायची सिस्टिम) झेडएफएसवरच बसवलं असेल आणि यूईएफआयने बूट होत असेल तर बहुधा ग्रब नसतोच. तिथे /ईटीसी/कर्नल/सीएमडीलाइन या फाइलच्या एकाच ओळीत शब्द जोडून प्रॉक्समॉक्स-बूट-टूल रिफ्रेश द्यायचं. नवी ओळ सुरू करू नका. व्हर्च्युअल मशीनच्या आतला कर्नल वेगळा, होस्टचा वेगळा. झेडएफएस जिथे चालतंय तिथेच बदल करा.

यूट्यूबवरची ती ओळ बऱ्याचदा लांबलचक असते. तिच्यात मिटिगेशन्स=ऑफ पण असतं. ते इनिट_ऑन_अलॉकला हातही लावत नाही. ते मेल्टडाउन, स्पेक्टर वगैरे २०१८ पासूनच्या प्रोसेसरमधल्या भोकांवरचे सगळे इलाज काढून टाकतं. मोठ्या फाइली १ एमबीच्या घासाने वाचताना त्याने फारसं काही हाती लागत नाही, कारण मेल्टडाउनच्या इलाजाची किंमत प्रत्येक सिस्टिम कॉलला पडते आणि इथे कॉलच थोडे असतात. लाखो बारीक फाइली, किंवा ४ केबीच्या घासाने चालणारा डेटाबेस असेल तर जाणवतं. एएमडीच्या प्रोसेसरला मेल्टडाउन लागूच नाही, तेव्हा तिथे तो इलाज मुळात चालू नसतो. आपल्या मशीनवर काय चालू आहे ते /सिस/डिव्हायसेस/सिस्टिम/सीपीयू/व्हल्नरेबिलिटीज मध्ये फाइलवार लिहिलेलं असतं. इंटरनेटवरून आणलेली ओळ तशीच्या तशी चिकटवणं मला अजिबात पटत नाही. एका वेळी एकच शब्द घाला, मोजा.

बारीक फाइलींबद्दल एक गोष्ट फक्त आपल्यासारख्यांनाच लागू आहे. फाइलचं नाव आखूड असेल तर कर्नल ते डेंट्रीच्या (फाइलच्या नावाच्या मेमरीतल्या नोंदीच्या) आतच ठेवतो. ६४ बिट कर्नलवर ही जागा आवृत्तीनुसार ३२ ते ४० बाइट असते. लांब नावाला वेगळा तुकडा घ्यावा लागतो, आणि तोही पुसून मिळतो. देवनागरी काय, कन्नड काय, यूटीएफ-८ मध्ये प्रत्येक चिन्हाला ३ बाइट. ‘देसाई_पाटील_लग्न’ हे नाव ४४ बाइटचं होतं, म्हणजे बाहेर गेलंच. याने मशीन मंदावतं असं कुणी म्हणत असेल तर म्हणू द्या. तुकडा लहान, पुसणं नगण्य. खरा त्रास वेगळाच आहे: नावाची नेहमीची मर्यादा २५५ बाइट, म्हणजे देवनागरीत ८५ चिन्हं, काना-मात्रा-वेलांटी धरून. नवरा-नवरी, गाव, तारीख, कार्यालय सगळं एका नावात कोंबणाऱ्या स्टुडिओत कॉपी मध्येच थांबते ती यामुळे.

बंद करावं की नाही? ज्या मशीनवर फक्त झेडएफएस आणि सांबा आहे, आत लॉगिन एकाच माणसाचं, बाहेरून पोर्ट उघडं नाही, अशा स्टुडिओच्या सर्व्हरवर मोजून फरक दिसला तर खुशाल बंद करा. पतसंस्थेच्या सर्व्हरवर, जिथे चार कारकुनांची खाती, वर वेब ॲप्लिकेशन आणि कधीमधी बाहेरच्या माणसाला रिमोट लॉगिन द्यावं लागतं, तिथे १० टक्के वेगासाठीही नको. कंटेनरमध्ये दुसऱ्यांची कामं चालवत असाल तरी नको. सगळे कंटेनर एकाच कर्नलची मेमरी वापरतात.

बंद न करता मार्ग काढायचा तर ओपनझेडएफएस २.३ मध्ये (जानेवारी २०२५) डायरेक्ट आयओ आलंय. प्रोग्रामने ओ_डायरेक्टने फाइल उघडली तर डेटा एआरसीला वळसा घालून जातो, कॉपीच्या फेऱ्या कमी होतात. एनव्हीएमईच्या पूलवर मोठ्या सलग फाइलींना हे चांगलं लागू पडतं. तोच डेटा पुन्हा पुन्हा वाचणाऱ्या कामाला उलट तोटा, कारण कॅशच मिळत नाही. उबुंटूच्या जुन्या एलटीएसमध्ये झेडएफएसची आवृत्ती मागची असते, तेव्हा झेडएफएस व्हर्जन ही कमांड देऊन आधी खात्री करा. यूजरलँड आणि कर्नल मॉड्यूल असे दोन आकडे येतात, आणि अपग्रेडनंतर रीबूट राहिला असेल तर ते दोन जुळत नाहीत.